नवी स्पोर्ट्स कार यार्डात आली, रंगावर तीन खुणा: ताबा घ्यावा की थांबावं?

माजिवडेकर

नमस्कार मंडळी. दोन सीटची आयात स्पोर्ट्स कार बुक केली आहे. रंग तीन थरांचा पर्ल पांढरा, बॉनेट ॲल्युमिनियमचं, बाकी पत्रा स्टीलचा, दोन्ही बंपर प्लॅस्टिकचे. गाडी बंदरातून सुटून सध्या कळंबोलीकडच्या एका यार्डात आहे. बॉनेट, छत आणि डिकीवरची ट्रान्झिट फिल्म (प्रवासात रंग जपायला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा) यार्डातच काढली आणि त्यानंतरचे फोटो मला पाठवले.

फोटोंत असं दिसतं: बॉनेटच्या उजव्या कडेपासून २ सेंमी आत, कडेला समांतर, ११ सेंमी लांब केसासारखी सरळ रेघ. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर तळहाताएवढा भाग धुरकट. आणि दोन्ही दारांवर व मागच्या बंपरवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके, पाण्याने न जाणारे.

डीलर म्हणतो, रबिंग-पॉलिश करून देतो, काही दिसणार नाही. फार तर बॉनेट रंगवून देऊ. पासिंग अजून झालेलं नाही, पैसे बरेचसे भरले आहेत. कशाला हो म्हणावं, कशाला नाही? गाडी शेवटी कासारवडवलीला न्यायची आहे, तीही फ्लॅटबेडवर. त्याबद्दलही सांगा.

लोडिंग_बे

तिन्ही खुणांची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही एक नाही. सगळ्यावर एकच पॉलिश फिरवायला देऊ नका.

रेघ कटरच्या पात्याची आहे. ट्रान्झिट फिल्म ५० ते ७५ मायक्रॉनची असते. उन्हात राहिली की तिची कड नखाने उचलत नाही, मग माणूस पातं लावतो. एवढ्या पातळ थरावर पातं थांबवणं हाताला शक्य नाही, ते खालच्या क्लिअरकोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरतंच. रेघ कडेला समांतर, सारख्या खोलीची आणि टोकाला एकदम संपलेली असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका. खडीचा किंवा फांदीचा ओरखडा असा सरळ नसतो. फिल्म काढायची तर सावलीत, पत्रा हाताला कोमट लागेल इतकाच असताना. कोपरा उचलून फिल्म स्वतःवरच दुमडायची आणि पत्र्यालगत हळूहळू मागे ओढायची. गोंद राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए). थिनर किंवा पेट्रोल नको. फिल्मच्या कडेखाली पाणी अडकलं असेल तर तिथे क्लिअरकोट फुगून रेषेसारखा वळ उठतो. तो पुष्कळदा उबेने आपोआप बसतो, म्हणून त्यावर लगेच मशीन फिरवायची घाई करू नये.

कमानीवरचा धुरकटपणा पट्ट्याचा. ट्रेलरवर चाकं नायलॉनच्या रॅचेट पट्ट्यांनी बांधतात, पट्टा टायरवरून जातो. साध्या हॅचबॅकला टायर आणि कमानीत तीन-चार बोटं जागा असते. स्पोर्ट्स कारला मागचा टायर रुंद आणि फट जेमतेम बोटभर. खड्ड्यात सस्पेन्शन बसलं की पट्टा कमानीला टेकतो, आणि मध्ये धूळ असेल तर पट्ट्याचा पॉलिश पेपर होतो. पट्ट्याचं सुटं टोक वाऱ्यावर फडफडत राहिलं तरी असाच डाग पडतो, फक्त तो पसरट असतो आणि दाराच्या खालच्या भागात येतो.

ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. रंग गंजलेला नाही. कण ट्रेलरच्या ब्रेकमधून येतात, रेल्वे वॅगनमधून आलेल्या गाडीवर रुळांचे येतात. कळंबोलीत तर लोखंड बाजारच आहे. जवळ कुठे ग्राइंडर किंवा गॅस कटिंग चालू असेल तर गरम ठिणगी क्लिअरकोटमध्ये रुतून बसते. कोरड्या हवेत महिनाभर दिसत नाही, पावसाळी दमटात दोन दिवसांत नारिंगी होते. फिल्मखालचे भाग स्वच्छ आणि दारं ठिपक्यांची, हेही त्याच्याशी जुळतं.

आणखी एक तपासा. गाडी दुमजली ट्रेलरच्या खालच्या मजल्यावर आली का? वरच्या मजल्याच्या सिलिंडरचं हायड्रॉलिक तेल किंवा वरच्या गाडीचं ब्रेक ऑइल छतावर ठिबकतं. तेल पुसलं जातं, पण ब्रेक ऑइल रंग मऊ करून उचलतं. छतावर नाण्याएवढा सुरकुतलेला डाग असेल तर पॉलिशने जाणार नाही.

ऐरोली_डिटेलिंग

लोडिंग_बे यांनी कारणं बरोबर सांगितली आहेत. पण औषधाआधी एक काम करा. आजच डीलरला ईमेल टाका: गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, पॉलिश लावायचं नाही. फोनवर सांगून भागत नाही, कारण पीडीआयचं, म्हणजे ताबा देण्याआधीच्या तपासणीचं, वॉशिंग ज्या मुलाकडे असतं त्याच्यापर्यंत निरोप जात नाही.

एकाच बादलीतलं पाणी आणि दिवसभर वापरलेलं फडकं म्हणजे रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे. ते लपवायला रोटरी मशीनवर लोकरी पॅड लावून कंपाउंड फिरवतात, त्याचे होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणारे मशीनचे फराटे, उठतात, आणि होलोग्राम झाकायला ग्लेझ. ग्लेझमधलं तेल आणि फिलर ओरखड्यांत बसतं, शोरूमच्या दिव्यात गाडी आरशासारखी दिसते आणि तीन-चार धुण्यांनंतर सगळं वर येतं. खरी हानी यात आहे. यार्डात आज जे नुकसान आहे ते दिसतं आणि मोजता येतं. पॉलिशनंतर ना ते दिसेल, ना क्लिअरकोट किती गेला ते कळेल.

पाहायला जाताना दोन बादल्या, पीएच न्यूट्रल शाम्पू, मायक्रोफायबर मिट, पाण्यात चौथा हिस्सा आयपीए घातलेली स्प्रे बाटली, एलईडी टॉर्च आणि रंगाची जाडी मोजणारं पेंट गेज न्या. गेज लोखंड आणि बिगरलोखंड दोन्ही धातूंवर चालणारं हवं, नाहीतर तुमच्या ॲल्युमिनियम बॉनेटवर काहीच दाखवणार नाही. आधी सोबतच्या दोन पट्ट्यांवर शून्य करून घ्या. प्लॅस्टिक बंपरवर साधं गेज चालत नाही, तिथे डोळ्यांवरच भिस्त.

प्रत्येक पॅनलवर पाच ठिकाणी मोजा, चार कोपरे आणि मध्य, आणि लिहून ठेवा. कारखान्यातला पूर्ण रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो, तीन थरांचा पर्ल थोडा जास्त भरू शकतो. आकड्यापेक्षा फरक पाहा. सगळे पॅनल १३०च्या आसपास आणि एकच २००च्या पुढे असेल तर त्यावर पुन्हा रंग चढलेला आहे. ५००च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे.

पांढऱ्यावर बारीक ओरखडे टॉर्चच्या झगमगाटात विरून जातात. टॉर्च मंद करा, तिरका धरा आणि प्रकाशाच्या ठिपक्याच्या कडेशी पाहा. पोचा पाहायला टॉर्चपेक्षा ट्यूबलाइट बरी. पत्र्यातलं तिचं प्रतिबिंब जिथे वाकतं तिथे पोचा.

आता उपाय. ठिपक्यांना आधी आयर्न रिमूव्हर. सावलीत, गार पत्र्यावर फवारा, ३ ते ५ मिनिटं थांबा, कणांभोवती जांभळे ओघळ उतरतील, सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा. दोनदा करा. वास उग्र असतो, हातमोजे घाला. उरलेले कण फाइन क्ले बारने (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ चिकणमातीसारखी वडी), भरपूर ल्युब्रिकंट आणि अगदी हलका हात. हा क्रम उलटा झाला तर क्ले लोखंडाचा कण ओढत नेते आणि ठिपक्याची रेघ होते. धुण्याचं पाणी पालिकेचं असेल तर ठीक. टँकर किंवा बोअरवेलचं असेल तर उन्हात सुकू देऊ नका, क्षारांचे गोल डाग क्लिअरकोटवर कोरले जातात.

कमानीला ड्युअल ॲक्शन मशीन, मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश, आधी सर्वांत सौम्य जोडी. कमानीच्या धारेवर मास्किंग टेप लावायलाच हवी, कारण धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा दाब तिथेच एकवटतो. आधी-नंतर मोजा. २-३ मायक्रॉनपेक्षा जास्त जात असेल तर थांबा. क्लिअरकोट एकूण ४०-५० मायक्रॉनचा असतो आणि तो गाडीच्या सगळ्या आयुष्याला पुरवायचा आहे.

रेघेला लगेच हात लावू नका. नख आडवं फिरवा आणि पाण्याचा थेंब टाका. नख अडकत नाही आणि ओली झाल्यावर रेघ नाहीशी होते, तर ती क्लिअरकोटमध्येच आहे. ओली होऊनही दिसते तर खोल गेली आहे. तळाशी करडा रंग किंवा चमकता धातू दिसला तर आरपार.

माजिवडेकर

मोठी मदत झाली, मनापासून आभार. ईमेल टाकून गेज घेऊन जाऊन आलो. छत १२९ ते १३६, दारं १२६ ते १३८, मागची डावी कमान १२१ ते १३०, डिकी १३३च्या आसपास. बॉनेट १२७ ते १३५. रेघेत नख किंचित अडकतं, ओली केल्यावर पुसट होते पण पूर्ण जात नाही, करडं काही दिसत नाही. छतावर डाग नाही.

पण उजवा पुढचा मडगार्ड २१४ ते २३१ दाखवतो, पाचही ठिकाणी. डावा १३२. डीलरला विचारलं तर म्हणाला, कारखान्यातच असं असतं. खरं असू शकतं का?

रबाळे_बूथ

असू शकतं, पण तोंडी मान्य करू नका. पाचही ठिकाणी सारखा, २२०च्या आसपास, याचा अर्थ मूळ रंगावर पूर्ण पॅनलचा आणखी एक संच चढला आहे. पुट्टी नाही, म्हणजे मोठा पोचा नव्हता, बहुधा ओरखडा होता. प्रश्न एवढाच की हे कारखान्याच्या लाइनवर झालं की बंदरावर किंवा यार्डात.

फरक भट्टीचा आहे. कारखान्यात नुसत्या बॉडीवर रंग बसतो, त्यामुळे क्लिअरकोट १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. पूर्ण जोडलेल्या गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक असतं, म्हणून बाहेरच्या बूथमध्ये ६० अंशांपुढे जात नाहीत. तिथे रंग हार्डनरच्या रासायनिक क्रियेने पक्का होतो. चांगल्या हातचा असेल तर टिकतो, पण ती वेगळी प्रक्रिया आहे आणि जोडीच्या पॅनलशी तंतोतंत जुळत नाही.

कुठे पाहायचं ते सांगतो. बॉनेट उघडा. मडगार्डच्या वरच्या काठावर बोल्ट असतात. बोल्टच्या डोक्यांचे कोपरे रंग उडालेले असतील तर मडगार्ड उतरवलेला किंवा हलवलेला आहे. बोल्ट शाबूत असतील तर जागेवर मास्किंग करून मारला असेल. मग दाराची फट उघडून मडगार्डच्या मागच्या दुमडलेल्या काठावरून नख फिरवा, टेपच्या जागी रंगाची बारीक पायरी लागते. आतल्या प्लॅस्टिक लायनरच्या कडेवर पांढरी भुकटी बसली आहे का पाहा. शेवटी ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात दोन्ही मडगार्डचं संत्र्याच्या सालीसारखं पोत ताडून बघा. डावीकडे साल बारीक आणि उजवीकडे भरड असेल तर बाहेरचं काम. यातलं काहीच सापडलं नाही तर कारखान्यातलं असण्याची शक्यता वाढते, आणि मग तसा लेखी दाखला मिळायला अडचण येऊ नये.

बॉनेट रंगवून घ्यायला माझा स्पष्ट नकार. तुमचा पर्ल पांढरा म्हणजे खाली पांढरा बेस, वर पारदर्शक पर्लचा मधला थर, त्यावर क्लिअर. छटा मधल्या थराचे हात किती बसले त्यावर ठरते: दोन हातांत निळसर, चारांत पिवळसर असा फरक उन्हात दिसतो. मेळ बसवायला आधी नमुना पट्टीवर दोन, तीन, चार हात मारून गाडीशेजारी धरायचे, आणि तरी दोन्ही मडगार्डांत मधला थर विरवत न्यावा लागतो. म्हणजे ११ सेंमी रेघेपायी तीन पॅनलवरचा कारखान्याचा रंग जाणार.

त्यापेक्षा रेघ भरून घ्या. आयपीएने गोंद आणि मेण काढायचं, रंगाच्या स्टिकरवरचा कोड देऊन टच-अप मागवायचा. रेघ बेसपर्यंत गेलेली नाही असं दिसतं, त्यामुळे नुसता क्लिअर पुरेल. अगदी बारीक ब्रशने, रेघेच्या आतच, पातळ दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुकू देऊन, पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईपर्यंत. पूर्ण कडक झाल्यावर छोट्या ब्लॉकवर ३००० नंबरचा पेपर लावून ओली घासाई, फक्त उंचवट्यावर, आणि मग फिनिशिंग पॉलिश. हाताच्या अंतरावरून दिसणार नाही. वर पीपीएफ (रंग जपणारी कायमची पारदर्शक फिल्म) लावणार असाल तर टच-अप आधी पूर्ण सुकवा. बूथमध्ये रंगवलेल्या पॅनलला आम्ही निदान ३० दिवस मोकळं ठेवतो. आत अडकलेलं सॉल्व्हंट फिल्मखाली बुडबुडे आणतं, आणि फिल्म काढायची वेळ आली तर रंग सोबत घेऊन येते.

वाशी_सर्व्हेअर

रंगाचं सगळं आलं आहे, मी कागदांचं सांगतो.

पासिंग थांबवा. नव्या गाडीचं पासिंग आता डीलरच ऑनलाइन करतो, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही, त्यामुळे तुमच्या नकळत एमएच-०४ नंबर पडू शकतो. नंबर पडला की गाडी बदलून मागणं फार अवघड होतं. मडगार्डचा खुलासा लेखी येईपर्यंत नोंदणी करू नये, असं ईमेलमध्ये चासी नंबरसकट लिहा. गेजचे फोटो जोडा, पण प्रत्येक फोटोत आकडा आणि पॅनल दोन्ही दिसू द्या. नुसत्या आकड्याचा फोटो कोणत्याही गाडीचा असू शकतो.

डिलिव्हरी नोटवर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ असं छापलेलं असतं. त्याखाली स्वतःच्या हाताने तिन्ही खुणा आणि मडगार्डचे आकडे लिहा, डीलरच्या माणसाची सही-शिक्का घ्या, मगच तुमची सही.

दुरुस्ती तुमच्या मोटर पॉलिसीतून करू, असं सुचवलं तर ठाम नाही म्हणा. ताब्यापूर्वीचं नुकसान आयातदाराच्या किंवा डीलरच्या ट्रान्झिट विम्याचं. तुमच्या पॉलिसीतून क्लेम गेला की पहिल्याच वर्षी नो क्लेम बोनस जातो आणि गाडीच्या नावावर कायमची नोंद राहते. वाहतूकदाराकडून भरपाई हवी तर कॅरेज बाय रोड ॲक्ट २००७च्या कलम १६ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. ते काम डीलरचं, पण मुदत चालू आहे याची आठवण तुम्ही करून दिलीत तर तोही हालचाल करतो.

मडगार्ड बाहेर रंगवलेला निघाला आणि सांगितलं नव्हतं, तर मुद्दा पॉलिशचा राहत नाही, माहिती लपवल्याचा होतो. याच विषयावर अमेरिकेत बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर हा गाजलेला खटला आहे. जर्मनीहून येताना आम्लयुक्त पावसाने खराब झालेली काळी गाडी बंदरावर पुन्हा रंगवून १९९० मध्ये नवी म्हणून विकली. नऊ महिन्यांनी डिटेलिंगवाल्याच्या डोळ्याला ते कळलं. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या जेमतेम दीड टक्का होता, आणि ३ टक्क्यांच्या आतली दुरुस्ती विक्रेत्यालाही सांगायची नाही असं कंपनीचं धोरण होतं. ज्युरीने नुकसानभरपाई ४,००० डॉलर आणि दंडात्मक ४० लाख डॉलर दिले, राज्याच्या कोर्टाने ते २० लाखांवर आणले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही अवाजवी ठरवले. रक्कम खाली आली, पण रंगवलेली गाडी नवी म्हणून विकल्याने मालकाचं नुकसान होतं, हे टिकलं.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरेचदा तिथेच डीलरचं लेखी उत्तर येतं.

बॉनेट आणि कमानीसाठी गाडी नाकारू नका असंच माझं मत आहे. टच-अप, डिटेलिंग आणि बॉनेटच्या पीपीएफचा खर्च डीलरने द्यावा, बिल तुमच्या पसंतीच्या डिटेलरचं, असं लेखी घ्या. मडगार्ड बाहेरचा निघाला तर मात्र दुसरी गाडी किंवा किमतीत ठोस कपात, आणि कपातीचं कारण इनव्हॉइसवर लिहिलेलं. गाडी पुढे विकताना तोच कागद तुमच्या कामी येईल.

लोडिंग_बे

फ्लॅटबेडचं राहिलं होतं.

शक्यतो बंद बॉडीचा एकगाडी ट्रक बघा. उघडा फ्लॅटबेड असेल तर गाडीवर कापडी कव्हर घालू नका. वाऱ्यात कव्हर फडफडतं आणि आतली धूळ कळंबोलीपासून ठाण्यापर्यंत रंगावर घासत राहते. मुंब्रा बायपास टाळा, अवजड गाड्यांची रांग आणि उडणारी खडी. ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली पूल, मुलुंड, ईस्टर्न एक्स्प्रेस, माजिवडा आणि मग घोडबंदर. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून चालवायचं नाही, हे चालकाला निघतानाच सांगा.

बांधणी चारही चाकांना, टायरवरून जाणाऱ्या पट्ट्यांनी. मागच्या चाकांना पट्टा आणि कमान यांच्यामध्ये जाड मायक्रोफायबर नाही, रबरी ब्लॉक टायरवर ठेवायचा, म्हणजे पट्टा टायरच्या माथ्यावरच राहतो. सुटी टोकं गुंडाळून टेप. टो-हुक फक्त विंचने वर ओढायला, प्रवासात गाडी त्यावर बांधलेली नको. दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा, पहिल्या धक्क्यांत ते हमखास सैल होतात.

पुढची लिप, म्हणजे बंपरची खालची धार, घासते ती चढवताना आणि सोसायटीच्या पोडियमच्या रॅम्पवर. लिप जमिनीपासून ११० मिमी आणि लिपपासून पुढच्या टायरच्या टेकणीपर्यंत ९०० मिमी असेल, तर गाडी साधारण ७ अंशांचाच चढ सोसते. झुकवलेला बेड सहज १२ अंशांचा असतो. म्हणून बेडच्या टोकाशी पुढच्या चाकांखाली १०० मिमी उंचीच्या, दीड मीटर लांब, सुरुवातीला उतार दिलेल्या लाकडी फळ्या हव्यात. चाकं फळीवर चढली की लिप बेडच्या धारेवरून निघते. गाडीचं नाक उचलणारी लिफ्ट असेल तर ती आधी वर घ्या, फळ्या तरी लागतील. तुमच्या गाडीची दोन्ही मापं टेपने घेऊन फळ्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही लाकूडवाल्याकडून कापून घ्या आणि यार्डात सोबत न्या. त्याच फळ्या नंतर पोडियमच्या रॅम्पलाही कामी येतील.